लिंकनचा पक्ष, गोल्डवॉटरचा पक्ष आणि अर्धेच आकडे

अमेरिकेतल्या वर्णभेदावर आणि पक्षांवर वाद कुठेही पेटू दे, तिसऱ्या-चौथ्या फेरीत दोन वाक्यं ठरलेली. एक बाजू म्हणते, "गुलामगिरी टिकवणारा, दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणारा पक्ष डेमोक्रॅटिक. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला जास्त टक्के पाठिंबा दिला तो रिपब्लिकनांनी." दुसरी म्हणते, "साठच्या दशकात पक्षांची अदलाबदल झाली, तेव्हाचे ते आजचे हे." झालं! पुढे दोघंही आपापलं वाक्य आवाज चढवून म्हणत राहतात. अदलाबदल ही निव्वळ दंतकथा आहे, असं सांगणाऱ्यांत दिनेश डिसूझा हे मोठं नाव. जन्म मुंबईचा, कुटुंब गोव्याचं कॅथलिक. त्यामुळे आपल्याकडे हा मुद्दा बऱ्याच जणांच्या कानावर पडतो तो त्यांच्याच मांडणीतून.

मौज अशी की दोन्ही बाजूंच्या हातात खरे आकडे असतात. घोळ होतो तो ते आकडे कुठल्या वर्षीचे, कुठल्या पातळीवरचे आणि कुठल्या प्रदेशाचे हे न विचारल्यामुळे.

सुरुवात त्या प्रसिद्ध मतदानापासूनच करू. १० फेब्रुवारी १९६४ रोजी प्रतिनिधीगृहात नागरी हक्क विधेयक (सार्वजनिक ठिकाणी आणि नोकऱ्यांत वर्णभेदाला बंदी घालणारं) २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झालं. डेमोक्रॅट १५२ बाजूने, ९६ विरोधात. रिपब्लिकन १३८ बाजूने, ३४ विरोधात. टक्केवारी काढली तर डेमोक्रॅट ६१, रिपब्लिकन ८०. इथपर्यंत पहिल्या बाजूचं म्हणणं बिनचूक आहे.

आता मतदान करणाऱ्या याच ४२० सदस्यांचे (आकड्याला हसू नका, बेरीज तेवढीच येते) दोन गट पाडा. १८६०-६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघालेली ११ राज्यं म्हणजे दक्षिण, आणि उरलेला देश. दक्षिणेतले डेमोक्रॅट ९४, त्यांतल्या ७ जणांनी होकार दिला. दक्षिणेतले रिपब्लिकन १०, होकार शून्य. उरलेल्या देशातले डेमोक्रॅट १५४, होकार १४५, म्हणजे ९४ टक्के. उरलेल्या देशातले रिपब्लिकन १६२, होकार १३८, म्हणजे ८५ टक्के. दक्षिणेत डेमोक्रॅट पुढे, दक्षिणेबाहेरही डेमोक्रॅट पुढे, आणि दोन्ही गट एकत्र केले की रिपब्लिकन पुढे! यात कुणाची हातचलाखी नाही. २४८ डेमोक्रॅटांपैकी ९४ जण दक्षिणेतले होते, १७२ रिपब्लिकनांपैकी फक्त १०. दक्षिणेचं ओझं एकाच पक्षाच्या सरासरीवर पडलं. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, आणि वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

सिनेटमध्येही तेच. १९ जून १९६४ रोजी ७३ विरुद्ध २७. दक्षिणेतल्या २१ डेमोक्रॅटांपैकी बाजूने मत दिलं ते एकट्या टेक्सासच्या राल्फ यारबरो यांनी. दक्षिणेतले एकमेव रिपब्लिकन सिनेटर, टेक्सासचेच जॉन टॉवर, विरोधात गेले. बाहेरच्या ४६ डेमोक्रॅटांपैकी ४५ बाजूने, ३२ रिपब्लिकनांपैकी २७ बाजूने. बाहेरचा जो एक डेमोक्रॅट विरोधात गेला तो म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड.

इथे एक खाचखळगा आहे. वेस्ट व्हर्जिनिया हे गृहयुद्धाच्या काळात व्हर्जिनियापासून तुटून संघराज्यात राहिलेलं राज्य, म्हणून ११ राज्यांच्या व्याख्येत बर्ड 'उत्तरेचे' ठरतात. अमेरिकेच्या जनगणना खात्याची 'दक्षिण' मात्र १६ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून होते, आणि त्यात वेस्ट व्हर्जिनिया आहे. काँग्रेसच्या मतदानाची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारं 'काँग्रेशनल क्वार्टर्ली' १३ राज्यं धरत असे, अकरांत केंटकी आणि ओक्लाहोमाची भर घालून. दोन माणसं दक्षिणेबद्दल वेगवेगळे आकडे फेकत असतील तर निम्म्या वेळा भांडण राज्यांच्या यादीचं असतं. आधी यादी मागावी.

या हिशेबावरून रिपब्लिकनांचं श्रेय खोडायला निघणारे मात्र दुसऱ्या टोकाला जातात. सिनेटमधला खरा अडसर अंतिम मतदानाचा नव्हताच, फिलिबस्टरचा, म्हणजे बोलत राहून मतदानच होऊ न देण्याचा, होता. चर्चा बंद करायला तेव्हा उपस्थित सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागत; शंभरच्या शंभर हजर असतील तर ६७. दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी जॉर्जियाच्या रिचर्ड रसेल यांच्या नेतृत्वाखाली कामकाजाचे साठ दिवस खाल्ले. शेवटच्या रात्री बर्ड १४ तास १३ मिनिटं बोलले. १० जूनला चर्चाबंदी ७१ विरुद्ध २९ ने मंजूर झाली, आणि त्या ७१ मध्ये ४४ डेमोक्रॅट, २७ रिपब्लिकन. डेमोक्रॅटिक पक्षाला एकट्याच्या बळावर ते जमलं नसतं. ती २७ मतं गोळा करणं हे रिपब्लिकनांचे सिनेटमधले नेते, इलिनॉयचे एव्हरेट डर्कसन यांचं काम. त्याच मतदानात कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर एंगल यांना मेंदूच्या गाठीमुळे बोलता येत नव्हतं. नाव पुकारल्यावर त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवून होकार नोंदवला.

मग प्रश्न असा की एकाच पक्षात ४६ बाजूने आणि २१ विरोधात उभे राहणारे लोक एकत्र नांदत तरी कसे होते? उत्तरासाठी दक्षिणेच्या एकपक्षीय राजवटीचं यंत्र उघडून बघावं लागतं.

गृहयुद्धानंतर काही वर्षं दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, आणि ते बहुतेक सगळे रिपब्लिकन. मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स १८७० मध्ये सिनेटवर गेले, ते पहिले कृष्णवर्णीय सिनेटर, रिपब्लिकनच. १८७७ नंतर संघराज्याच्या फौजांचा आधार गेला आणि १८९० च्या मिसिसिपी राज्यघटनेपासून एकेका राज्याने मताधिकार कायदेशीर मार्गाने काढून घेतला. कायद्यात वर्णाचं नाव कुठेच नाही, कारण पंधराव्या घटनादुरुस्तीने ते निषिद्ध होतं. त्याऐवजी मतदान कर, साक्षरता चाचणी, 'घटनेतलं कलम समजावून सांगा' ही अट. समजावलेलं बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी कारकून, आणि तो गोरा. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ मध्ये उरले १,३४२. वर 'श्वेत प्रायमरी' म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत फक्त गोऱ्यांना मत. एकच पक्ष निवडून येणार असेल तर प्रायमरी हीच खरी निवडणूक, त्यामुळे तिथून बाहेर काढलं की काम फत्ते. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत १९४४ मध्ये रद्द केली.

त्या यंत्रातून काय बाहेर पडत होतं ते बघायचं तर १९३६ चं मिसिसिपी घ्या. राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या घरात, त्यात जवळपास निम्मे कृष्णवर्णीय. अध्यक्षपदासाठी एकूण मतं पडली साधारण १ लाख ६२ हजार. त्यांतली ९७ टक्के डेमोक्रॅट रूझवेल्ट यांना. 'दक्षिण डेमोक्रॅटिक होती' या वाक्याचा अर्थ असा होता. गरीब गोऱ्यांचीही बरीच मतं मतदान कराने बाहेर राहिली, हे विसरायला नको.

अलाबामात तर मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्हच बोलत असे. डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह कोंबडा, आणि त्याच्या सोबत शब्द होते 'श्वेत वर्चस्व'. १९६६ मध्ये ते शब्द काढले गेले. त्याच काळात अलाबामाच्या लाउंड्स काउंटीत, जिथे लोकसंख्येत सुमारे ८० टक्के कृष्णवर्णीय होते आणि १९६५ च्या सुरुवातीला नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदार एकही नव्हता, तिथल्या लोकांनी वेगळा पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी चिन्ह लागायचं (आपल्याला हे समजावून सांगायला नको), म्हणून त्यांनी कोंबड्यासमोर काळा चित्ता उभा केला. तो चित्ता १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने घेतला, आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि सहकाऱ्यांनी दलित पँथर हे नाव त्यावरूनच घेतलं. नाव आपल्यापर्यंत आलं, कोंबडा मात्र वाटेत गळला.

आता उत्तरेकडे. इथे लोकप्रिय गोष्ट, म्हणजे '१९६४ मध्ये सगळं उलटलं' ही, सर्वांत जास्त चुकते. कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटांकडे वळले ते तीस वर्षं आधी. दक्षिणेतून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला लाखो लोक गेले आणि तिथे त्यांना मत देता येऊ लागलं. शिकागोचे ऑस्कर डी प्रीस्ट १९२८ मध्ये निवडून आले, विसाव्या शतकात निवडून आलेले काँग्रेसचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य, अर्थात रिपब्लिकन. १९३४ मध्ये त्यांना आर्थर मिचेल यांनी पाडलं. मिचेल हे काँग्रेसवर गेलेले पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट. एकाच मतदारसंघात, दोन कृष्णवर्णीय उमेदवार, आणि पक्ष बदलला. १९३२ मध्ये कृष्णवर्णीयांची बहुसंख्य मतं रिपब्लिकन हूव्हर यांना होती, १९३६ मध्ये मोठ्या बहुमताने रूझवेल्टना. कारण पोटाचं होतं. रूझवेल्ट यांनी नागरी हक्कांसाठी फार काही केलं नव्हतं. लिंचिंगविरोधी विधेयकाच्या मागे ते ताकद लावत नव्हते, कारण सिनेटच्या समित्या दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांच्या हातात होत्या. १९२२ मध्ये असंच एक विधेयक प्रतिनिधीगृहात २३० विरुद्ध ११९ ने मंजूर होऊन सिनेटमध्ये याच मंडळींनी मारलं होतं.

एरिक शिकलर या राज्यशास्त्रज्ञाची मांडणी या टप्प्यावर फार उपयोगी आहे. राष्ट्रीय नेत्यांची भाषणं सोडा, म्हणतात ते, राज्य पातळीवरचे पक्षांचे जाहीरनामे आणि साध्या मतदारांची मतं बघा. उत्तरेतल्या डेमोक्रॅटिक पक्षात कामगार संघटना, ज्यू आणि कृष्णवर्णीय मतदार एकत्र आले आणि १९४० च्या दशकातच तिथले राज्य पक्ष नागरी हक्कांच्या प्रश्नावर रिपब्लिकनांच्या पुढे जाऊ लागले. म्हणजे १९६४ चे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर आणि नागरी हक्क कायद्यावर सही करणारे डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वीस वर्षं खालून सरकत आलेल्या गोष्टीवर शिक्का मारला. मला हे पटतं. 'एका नेत्याने एका सहीने दक्षिण गमावली' या गोष्टीत नाट्य भरपूर आहे, पण १९४८ चं काय करायचं ते ती सांगत नाही.

१९४८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या फिलाडेल्फियातल्या अधिवेशनात ह्यूबर्ट हम्फ्री यांनी नागरी हक्कांचा ठराव मंजूर करून घेतला आणि मिसिसिपीचे सगळे, अलाबामाचे निम्मे प्रतिनिधी उठून गेले. साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड बंडखोर उमेदवार झाले, चार राज्यं आणि ३९ इलेक्टोरल मतं त्यांना मिळाली. त्या चार राज्यांचं गुपित मतपत्रिकेत आहे. साउथ कॅरोलिना, अलाबामा, मिसिसिपी आणि लुइझियाना या चारही ठिकाणी राज्य पक्षाने थर्मंड यांनाच अधिकृत डेमोक्रॅटिक उमेदवार म्हणून छापलं. अलाबामात तर पक्षाचे राष्ट्रीय उमेदवार, अध्यक्ष ट्रुमन यांचं नावच मतपत्रिकेवर नव्हतं. दक्षिणेतल्या ज्या राज्यांत ट्रुमन अधिकृत राहिले, तिथे ट्रुमनच जिंकले. १९४८ मध्ये गोऱ्या दक्षिणेचा राग तयार होता, पण पक्षाच्या नावावरची निष्ठा त्याहून भारी होती.

दरम्यान दुसरीच एक हालचाल चालू होती, आणि आर्थिक कारणं मांडणाऱ्या अभ्यासकांचा जोर तिच्यावर. १९५२ मध्ये रिपब्लिकन आयझनहॉवर यांनी टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया आणि टेनेसी जिंकली, १९५६ मध्ये लुइझियानाही. ही काही वर्णद्वेषाची लाट नव्हती. ही मतं वाढत्या शहरांतून, उपनगरांतून, चांगल्या पगाराच्या गोऱ्या मध्यमवर्गाकडून येत होती. बायरन शेफर आणि रिचर्ड जॉन्स्टन यांचा दावा असा की दक्षिण श्रीमंत झाली आणि श्रीमंत माणूस जसा इतरत्र मत देतो तशी देऊ लागली. वर्ण हे दुय्यम कारण.

या दाव्याची परीक्षा १९६४ च्या नकाशावर घेता येते. गोल्डवॉटर यांनी नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. न्यायाने सांगायचं तर १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता. १९६४ च्या कायद्यात त्यांचा आक्षेप खासगी हॉटेलं-दुकानं आणि नोकऱ्या यांवरच्या दोन भागांना होता. पण १९६१ मध्ये अटलांटात ते बोलून गेले होते की कृष्णवर्णीयांची एकगठ्ठा मतं आपल्याला मिळणार नाहीत, तेव्हा बदकं जिथे आहेत तिथेच शिकारीला जावं. निकाल काय लागला? देशभरात दाणादाण, जिंकली फक्त सहा राज्यं: स्वतःचं अ‍ॅरिझोना, आणि मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना, लुइझियाना. मिसिसिपीत ८७ टक्के. आयझनहॉवर यांनी दोन्ही वेळा जिंकलेली टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, टेनेसी ही चारही त्यांनी घालवली. समृद्धीचं कारणच मुख्य असतं तर नेमकं उलटं व्हायला हवं होतं. गोल्डवॉटर खोल दक्षिणेत, गरीब आणि कृष्णवर्णीय वस्ती सर्वांत जास्त असलेल्या राज्यांत जिंकले, जिथे गोऱ्यांना गमावण्यासारखं सर्वांत जास्त वाटत होतं. दुसरीकडे गॅलपच्या अंदाजानुसार १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांना मिळालेली कृष्णवर्णीयांची ३२ टक्के मतं गोल्डवॉटरच्या वेळी ६ वर आली, आणि रिपब्लिकनांना ती परत मिळाली नाहीत.

म्हणजे दोन वेगळे ओढे होते: आयझनहॉवर यांचा काठावरच्या, शहरी दक्षिणेतला आणि गोल्डवॉटर यांचा खोल दक्षिणेतला. १९६८ मध्ये ते वेगळे वाहताना स्पष्ट दिसतात. निक्सन यांना व्हर्जिनिया, टेनेसी, फ्लोरिडा आणि दोन्ही कॅरोलिना. 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' या तिसऱ्या पक्षातर्फे लढलेले अलाबामाचे माजी गव्हर्नर, वर्णभेदाचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस यांना अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, लुइझियाना आणि आर्कान्सा. १९७२ मध्ये वॉलेस मैदानात नव्हते आणि दोन्ही ओढे निक्सन यांच्या पात्रात आले. सगळी दक्षिण त्यांची.

वर्ण की पैसा, या वादात आता एक ठोस तपासणी उपलब्ध आहे. इलियाना कुझिएम्को आणि एबोनिया वॉशिंग्टन या अर्थशास्त्रज्ञांनी गॅलपचा १९५८ पासून विचारला जाणारा एक प्रश्न घेतला: तुमच्या पक्षाने लायक कृष्णवर्णीय उमेदवार दिला तर अध्यक्षपदासाठी त्याला मत द्याल का? दक्षिणेतल्या गोऱ्यांपैकी 'नाही' म्हणणारे आणि 'हो' म्हणणारे यांचा डेमोक्रॅटिक पक्षाशी असलेला संबंध कसा बदलला ते त्यांनी बघितलं. वळण सापडलं १९६३ च्या वसंत ऋतूत, केनेडी नागरी हक्कांच्या बाजूने उघड उभे राहिले तेव्हा. आणि १९५८ ते १९८० मधली जवळजवळ सगळी घसरण या वर्णविषयक मतांनी स्पष्ट होते, उत्पन्नवाढीने फारच थोडी. माझा कौल इथेच पडतो: बिजागरी वर्णाची, आणि पैशाने दार किती वेगाने उघडलं ते ठरवलं. आर्थिक मांडणी टाकाऊ मात्र नाही. १९५२ चे आकडे तिच्याशिवाय समजत नाहीत.

आता 'दक्षिणी रणनीती', म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्णविषयक रागावर रिपब्लिकन मतं उभी करण्याचा डाव. निक्सन यांच्या मोहिमेतले विश्लेषक केविन फिलिप्स यांनी हा हिशेब उघडपणे मांडला होता, आणि २००५ मध्ये रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष केन मेलमन यांनी वर्णभेदाचा निवडणुकीसाठी फायदा घेतल्याबद्दल कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या, एनएएसीपीच्या, अधिवेशनात चूक कबूल केली. अशी रणनीती नव्हतीच असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आधी निस्तरावा. पण निक्सन यांचा कारभार एकरंगी नव्हता. त्यांच्याच काळात दक्षिणेतल्या शाळा खऱ्या अर्थाने एकत्र झाल्या: १९६८ मध्ये सुमारे ६८ टक्के कृष्णवर्णीय मुलं पूर्णपणे वेगळ्या शाळांत होती, १९७२ पर्यंत सुमारे ८ टक्के. न्यायालयांचा रेटा त्यात मोठा होता, हेही खरं. दक्षिणेतले सगळे रिपब्लिकनही एका साच्यातले नव्हते. आर्कान्सात १९६६ मध्ये विन्थ्रॉप रॉकफेलर कृष्णवर्णीयांच्या मतांवर कट्टर वर्णभेदी डेमोक्रॅटला हरवून गव्हर्नर झाले. व्हर्जिनियात लिनवुड होल्टन १९६९ मध्ये निवडून आले आणि १९७० मध्ये त्यांनी स्वतःची मुलं रिचमंडच्या कृष्णवर्णीयबहुल शाळांत घातली. तो रस्ताही खुला होता. पक्ष त्या रस्त्याने गेला नाही.

पहिल्या बाजूचा सर्वांत आवडता प्रश्न राहिलाच. "अदलाबदल झाली म्हणता, मग पक्ष बदलणारे सिनेटर दाखवा. थर्मंड सोडले तर कोण?" प्रश्न चोख आहे. १९६४ च्या सप्टेंबरात थर्मंड गेले. मिसिसिपीचे ईस्टलँड आणि स्टेनिस, जॉर्जियाचे रसेल, लुइझियानाचे रसेल लाँग हे सगळे शेवटपर्यंत डेमोक्रॅट. १९६८ चा अपवाद सोडला तर वॉलेससुद्धा. का राहिले? ज्येष्ठतेचा नियम. ईस्टलँड १९५६ ते १९७८ सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष होते. कुठलं न्यायाधीशपद पुढे सरकवायचं आणि कुठलं विधेयक कुजवायचं हे त्यांच्या हातात. पक्ष सोडला असता तर अल्पमतातल्या पक्षाच्या शेवटच्या बाकावर बसावं लागलं असतं. प्रतिनिधीगृहात तर डेमोक्रॅटांचं बहुमत १९५५ पासून १९९५ पर्यंत सलग होतं. अमेरिकेत पक्षांतरबंदी कायदा नाही; बांधून ठेवणारी गोष्ट समितीची खुर्ची होती.

म्हणून बदल माणसाबरोबर झाला नाही, माणूस निवृत्त झाल्यावर त्या जागेवर झाला. मिसिसिपीचे विल्यम कोल्मर चाळीस वर्षं डेमोक्रॅट. १९७२ मध्ये ते थांबले आणि त्यांचेच सहायक ट्रेंट लॉट ती जागा रिपब्लिकन म्हणून लढले. कोल्मर यांनी पाठिंबा आपल्या सहायकाला दिला. खुर्चीचं गणित बदललं तेव्हा माणसंही हलली: १९९४ च्या नोव्हेंबरात सिनेटचं बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी अलाबामाचे रिचर्ड शेल्बी रिपब्लिकन झाले.

हे सगळं वरून खाली झिरपायला पन्नास वर्षं लागली. अध्यक्षपदाचं मत १९६४-७२ मध्ये गेलं. प्रतिनिधीगृहातल्या दक्षिणेच्या बहुसंख्य जागा १९९४ मध्ये. अलाबामाची दोन्ही सभागृहं २०१० मध्ये, आर्कान्साची २०१२ मध्ये. जो फक्त १९८० चं राज्य विधिमंडळ दाखवतो त्याला अदलाबदल दिसतच नाही, जो फक्त अध्यक्षपद दाखवतो त्याला ती रातोरात झालेली दिसते. मधली एक कळ अशी: १९६५ च्या मताधिकार कायद्याने मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून दोन वर्षांत जवळपास ६० वर गेली, आणि हीच मतं पुढे गोऱ्या मध्यममार्गी डेमोक्रॅटांना तगवत राहिली. १९७६ मध्ये कार्टर यांनी व्हर्जिनिया सोडून सगळी दक्षिण जिंकली ती या मतांच्या टेकूवर. १९९० नंतरच्या फेररचनेत कृष्णवर्णीयबहुल मतदारसंघ आखले गेले. कृष्णवर्णीय प्रतिनिधी वाढले, आणि शेजारच्या मतदारसंघांतला टेकू निघाला. त्या फेररचनेला कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन, दोघांचाही पाठिंबा होता.

दुसऱ्या बाजूलाही एक टोचणी हवी. 'तेव्हाचे डेमोक्रॅट म्हणजे आजचे रिपब्लिकन' हे अर्थकारणात अजिबात बसत नाही. सरकारने बाजारात हात घालावा ही डेमोक्रॅटिक पक्षाची भूमिका १८९६ चे पक्षाचे उमेदवार ब्रायन यांच्यापासून चालत आली, रूझवेल्ट यांनी ती पक्की केली, आणि दक्षिणेतले वर्णभेदी सदस्य त्या खर्चाला हात वर करत होते, आपल्या मळ्यांवरची आणि घरातली कामगार माणसं त्यातून वगळली जातील एवढं बघून. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार बाहेर राहिले. कारण दक्षिणेचा दबाव की वसुलीची प्रशासकीय अडचण, यावर अभ्यासक अजून भांडतात. शिवाय अर्धी अदलाबदल ईशान्येत झाली आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. व्हरमाँटने १८५६ पासून १९८८ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार निवडला, अपवाद फक्त १९६४ चा. १९३६ मध्ये रूझवेल्ट यांना नाकारणारी दोनच राज्यं, मेन आणि व्हरमाँट. १९९२ पासून व्हरमाँट डेमोक्रॅट, आणि ९७ टक्केवालं मिसिसिपी १९८० पासून सलग रिपब्लिकन.

शेवटी एक निकाल, जो दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. २०१० मध्ये साउथ कॅरोलिनाच्या पहिल्या मतदारसंघात रिपब्लिकन प्रायमरीच्या निर्णायक फेरीत कृष्णवर्णीय उमेदवार टिम स्कॉट यांनी स्ट्रॉम थर्मंड यांचे चिरंजीव पॉल थर्मंड यांना हरवलं. एक म्हणतो, बघा, पक्षात वर्णद्वेष नाही. दुसरा म्हणतो, एका उमेदवाराने काय होतं. दोघांनीही त्याआधी दोन वर्षं, २००८ चा मिसिसिपीतला मतदानोत्तर कौल समोर ठेवावा: गोऱ्या मतदारांपैकी डेमोक्रॅट ओबामांना ११ टक्के, रिपब्लिकन मॅकेन यांना ८८. गोरे रिपब्लिकन मतदार स्कॉट यांना मत देतात, आणि मिसिसिपीत मताची विभागणी तरीही वर्णाच्या रेषेवरच होते. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त पहिला उमेदवाराबद्दल सांगतो आणि दुसरा पक्षाबद्दल.